प्रल्हादची विडी बंद

प्रल्हादचा मला हेवा वाटत असे. अजूनही वाटतो. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे त्याच्या आजारपणाविषयी लिहायचं आहे, आणि आजारी माणसाचा कुणी हेवा करतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसं पुष्कळदा वाटलं. पण वाटून काही फरक पडला नाही.

मी खामगावला कॉलेजात आलो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. पूर्णेच्या काठी आमचं गाव. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा सही करत नाहीत, अंगठा देतात. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तथी राह्याले जागा भेटन का?"

जागा भेटली. एका तेलघाण्याच्या मागे खोली होती. तिच्या भिंतींनासुद्धा सरकीच्या तेलाचा वास यायचा. त्या खोलीत माझ्याआधीपासून राहत होता तो प्रल्हाद. चिखलीकडचा, कॉलेजात माझ्यापुढे एक वर्ष. वडील लहानपणीच गेलेले. माय आणि थोरला भाऊ शेती करायचे.

मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तो खाटेवर उताणा पडून, पाय भिंतीला लावून काहीतरी वाचत होता. पुस्तक बाजूला न करता म्हणाला, "ये न राजा. पाहुना हायेस काय, दारात उभा राह्याले?"

मग उठून बसला, कानावर खोचलेली विडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मी ओढत नाही," मी म्हणालो.

"अजिबात?"

"अजिबात."

मी भाकर खात नाही असं म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग विडी स्वतःच्या ओठांत ठेवत म्हणाला, "बरं हाय. घरमालकाले दाखवाले खोलीत एक तरी सज्जन पाह्यजे."

विडी पेटवण्याची त्याची एक रीत होती. बंडलातून विडी काढायची, बोटांत हलकेच फिरवायची, रुंद तोंडाकडून एक फुंकर मारायची. दुसरा कुणी ओढणारा शेजारी असला तर आधी त्याची पेटवायची, मग त्याच काडीवर आपली. कितीही वारा असला तरी दोन्ही तळहातांच्या आड त्याची काडी विझत नसे. धूर सोडताना माझ्या बाजूने तो तोंड फिरवायचा. तेवढी माया त्याच्यात होती. तरी माझ्या सदऱ्यांना त्याच्या विडीचा वास यायचा तो यायचाच, आणि वर्गात शेजारचा मुलगा मला विचारायचा, "का रे, तूही लागला का?"

कॉलेजच्या आवारात मात्र तो सिगारेट ओढायचा. मी एकदा विचारलं, असं का?

"सिगारेट म्हंजे पँट," तो म्हणाला. "चार लोकांत जाताना घालाची. विडी म्हंजे धोतर. पँट घालून झोप येते काय कोनाले?"

कुणाशी ओळख करून घ्यायची असली की तो त्या माणसाकडे काडी मागायचा. स्वतःच्या खिशात काडेपेटी असताना मागायचा. काडी घेता-देता गाव विचारायचा, गावावरून पाहुणे निघायचे, आणि विडी संपेपर्यंत तो माणूस त्याचा झालेला असायचा. घाण्यावरचे कामगार, ग्रंथालयाचे शिपाई, आमचे इतिहासाचे सर, सगळे असेच त्याचे झाले होते. मला वर्षभरात कुणाशी बोलायला सुरुवात कशी करावी हेच कळलं नव्हतं. मी सभ्य होतो, निर्व्यसनी होतो, वेळेवर वर्गात जात होतो. आणि मला विचारणारं कुणी नव्हतं. मी खोलीत आहे की नाही हे लोक दारातून पाहायचे ते एवढ्यासाठी, की प्रल्हाद कुठे गेला ते मी सांगू शकेन.

तो हुतूतू खेळायचा. मीही खेळायचो, म्हणजे राखीव खेळाडूंत बसायचो. पहाटे उठून जलंबच्या रस्त्याने धावायचो, दूध प्यायचो, श्वास कोंडून पाहायचो. तरी चढाईला गेलो की मधल्या रेषेच्या थोडं पुढे माझा दम तुटायचा.

मलकापूरच्या संघाशी सामना होता तेव्हाची गोष्ट. आमचे गडी एकामागून एक बाद होत होते. प्रल्हाद मैदानाच्या कडेला सिगारेट ओढत उभा होता. त्याला आत बोलावलं तेव्हा अर्धी सिगारेट त्याने चपलेच्या टाचेवर विझवली आणि माझ्या हातात दिली. "हे धर बे. आलो."

मी ते थोटूक धरून उभा राहिलो. तो हुतूतू घालत गेला तो घाई नसल्यासारखा. त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याला हुलकावणी दिली, मधल्याला पायाने शिवला, दोघांनी कंबर धरली तर त्यांना ओढत रेषेपर्यंत आणलं. तोंडाने हुतूतू चालूच. लोक उभे राहिले होते. तो परत आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "दे."

आमचे खेळाचे सर म्हणाले, "हा पोरगा विडी सोडील तर कुठल्या कुठे जाईल." मी तेव्हा मनात म्हटलं, न सोडता इतकं जमतं, मग सोडायचं कशाला? आणि जो कधी ओढतच नाही त्याला का जमत नाही? या प्रश्नाचं उत्तर मला शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात सापडलं नाही.

पण दमाचा हेवा मी सहन केला असता. बाबांचं मात्र सहन होईना.

बाजाराच्या दिवशी बाबा कधीकधी पीठ आणि ठेचा घेऊन खोलीवर यायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं ठरलेलं.

"जेवतं न वेळेवर?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू आहे."

मग ते माझ्या पुस्तकांच्या चवडीकडे थोडा वेळ पाहायचे, पिशवी झटकून घडी करायचे आणि उठायचे. मला वाटायचं, बाबांचा स्वभावच असा, अबोल.

एकदा असेच ते उठत होते तेवढ्यात प्रल्हाद आला. "काकाजी, निंगाले काय? बसा न. विडी तं घ्या." बाबा पायरीवर बसले. प्रल्हादने आधी त्यांची पेटवली, मग आपली. मी आत पुस्तक उघडून बसलो. थोड्या वेळाने मला बाहेरून हसणं ऐकू आलं. प्रल्हादचं हसणं मला माहीत होतं. हे दुसरं कुणाचं ते ओळखायला मला वेळ लागला.

बाबा सांगत होते की तरुणपणी ते आजोबांशी भांडून भुसावळला पळून गेले होते. तिथे रेल्वेच्या कोळशावर काम केलं, कामावरच्या माणसांसाठी भाकरी थापल्या, आणि त्या इतक्या जाड व्हायच्या की एक पंजाबी ड्रायव्हर त्यांना विटा म्हणायचा. आजी आजारी पडल्याचं कळलं तेव्हा परत आले. यातलं मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

बाबांना मोटारीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही भुसावळला होता?"

"तुले कोन सांगतलं?"

"आता तुम्हीच सांगत होता."

"हं. ते इषय निंगाला म्हनून."

पुढच्या वेळी मीही पायरीवर जाऊन बसलो. पण माझ्या हातात विडी नव्हती. ते दोघे एक झुरका घ्यायचे, समोर पाहायचे, धूर सोडायचे आणि मग बोलायचे. त्या थांबण्याला काही एक माप होतं, ते मला साधत नव्हतं. माझा प्रश्न नेमका त्यांच्या झुरक्यात यायचा, आणि उत्तर म्हणून दोघेही मान हलवायचे. एक विडी आपणही पेटवावी असं त्या दिवशी माझ्या मनात आलं. बाबांच्या खोकल्याने मला थांबवलं. गावी रोज सकाळी ते गोठ्यासमोर गुडघ्यांवर हात टेकून खोकायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तंबाखूने छाती खराब होते असं आमच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो. दर सुट्टीत सांगायचो. ते म्हणायचे, "हो बाबू, सोडू," आणि खोकला ओसरला की पहिली विडी पेटवायचे.

त्या हिवाळ्यात कॉलेजला जाताना प्रल्हाद वाटेत थांबू लागला. कापडाच्या दुकानासमोर उभा राहून लुगडी पाहायचा. मी चिडवलं, "कोणासाठी पाहतो?"

"मायसाठी."

दुसऱ्या दिवशी तो लोखंडी बादल्या पाहत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी खताच्या दुकानासमोर. तेव्हा मात्र मी विचारलं, काय होतं?

"पोटरी धरते बे. थांबलं की सोडते."

खेळाच्या सरांनी लचक समजून पट्टी बांधली. पण पाऊल दिवसेंदिवस थंड पडत होतं. एकदा मी हात लावून पाहिला तर रांजणाला लावल्यासारखा वाटला. झोपताना तो पाय खाटेखाली लोंबता ठेवायचा, म्हणायचा, असा ठेवला की ठणका कमी वाटतो. आणि विड्या वाढल्या. "विडी पेटवली की कळ मरते," तो म्हणे. ज्याने दुखत होतं तेच तो दुखण्यावर घेत होता, हे आम्हाला कुणाला माहीत असणार?

संक्रांतीला तो गावी गेला. मायने पाय पाहिला आणि वात ठरवला. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला, रुईची पानं गरम करून बांधली. प्रल्हादला चटका कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी फोड आले. तो खोलीवर परतला तेव्हा अंगठा काळा पडलेला होता, आणि तो मला म्हणाला, "बोटाले शाई लागली पाह्य. पेपरच्या आंधीच."

खामगावच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याचा थोरला भाऊ आणि मी बरोबर गेलो. तिथले डॉक्टर शांत होते. त्यांनी दोन्ही पायांच्या नाड्या बोटांनी चाचपल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "विड्या किती ओढतोस?"

"मोजत नाही, सायेब."

"मग पुष्कळ ओढतोस."

थोरल्या भावाला राहवेना. "पन सायेब, विडी तं छातीले बाधते म्हनते. पायाशी तिचा काय सबंध?"

डॉक्टरांनी सांगितलं ते मी लक्षपूर्वक ऐकलं. तंबाखू छातीत जाते, तिथून रक्तात जाते, आणि रक्त कुठे जात नाही? काही माणसांच्या, विशेषतः तरण्या पोरांच्या, हातापायांतल्या रक्ताच्या बारीक नळ्या तंबाखूने सुजतात. आत रक्त गोठतं, वाट बंद होते. मग चालताना पोटरी धरते, पाय थंड पडतो, बोट मरतं. अशा पायाला शेकणं म्हणजे भाजणंच, ते पुन्हा करू नका.

"यावर माझ्याकडे मोठं औषध नाही," ते म्हणाले. "विडी बंद झाली तर पाय राहील. चालू राहिली तर आज बोटं जातील, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. कमी करून भागायचं नाही. एकसुद्धा नाही."

"सिगारेट?" प्रल्हादने विचारलं.

"सिगारेट नाही, चिलीम नाही, चिमूटभर तंबाखूही नाही."

प्रल्हाद माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे पँटबी गेली अन् धोतरबी गेलं." हसला तो एकटाच.

अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस भेटला की आधी विडी पुढे येते, मग बोलणं. समोर आलेली विडी परत करणं म्हणजे त्या माणसालाच परत पाठवणं. आणि गावाने एखाद्याला वाळीत टाकलं तर लोक म्हणतात, त्याची विडी-काडी बंद केली. त्यामुळे प्रल्हाद दवाखान्यात आहे हे कळल्यावर जो जो भेटायला आला, तो प्रेमाने बंडल घेऊन आला. काही जण तर म्हणाले, पोरगं दुखण्यात आहे, तेवढाच जिवाला विरंगुळा.

पहिले काही दिवस त्याने नाही ओढली. ते दिवस मी पाहिले आहेत. डबा नेला तर भाजीवरून माझ्यावर ओरडायचा, एकदा पेला फेकला. काडेपेटी हुंगायचा. "हात कोठी ठेवू समजत नाही बे," तो म्हणायचा, आणि हात मांडीखाली दाबून बसायचा. जो माणूस अर्धी सिगारेट टाकून चढाईला जायचा तो हाच, हे मला खरं वाटेना.

मग त्याचा मामा आला. दोघे वॉर्डच्या मागे गेले. मामा गेल्यावर दुसरं कुणी आलं. जखम सुकेना, पुढचं बोट निळं दिसू लागलं. डॉक्टरांनी त्याच्या बोटांचा वास घेतला आणि आवाज न चढवता म्हणाले, "पुढच्या खेपेला गुडघ्याखालून. मला विचारू नकोस मग."

"मामा एवढ्या दुरून आला," प्रल्हाद नंतर मला म्हणाला. "हातावर विडी ठेवली त्यानं. नाही कसं म्हनू? अन् खरं सांगू काय, त्यानं नसती ठेवली तं म्या मांगितली असती."

त्याच आठवड्यात बाबा अकोल्याला आले. त्यांना मी एवढंच कळवलं होतं की प्रल्हाद दवाखान्यात आहे. त्यांच्या हातात संत्री होती आणि खिशात नवंकोरं बंडल. मी त्यांना दारातच थांबवलं आणि डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले.

"मले आंधी काऊन नाही सांगतलं?"

"आज तुम्ही आलात, म्हणून आता सांगतो आहे."

ते बाहेर गेले. बंडलाचं काय केलं माहीत नाही, परत आले तेव्हा खिसा सपाट होता. आत येऊन खाटेशेजारी बसले आणि संत्रं सोलू लागले.

थोड्या वेळाने प्रल्हादच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ आले. बसले, पाय कसा आहे विचारलं, आणि रिवाजाप्रमाणे बंडी चाचपून विड्या काढल्या. एक बाबांना दिली, बाबांनी सवयीने घेतली. दुसरी प्रल्हादकडे गेली. प्रल्हादचा हात उठला. बाबांनी मध्येच आपला हात आडवा घातला.

"याची विडी-काडी बंद हाय."

म्हातारे दचकले. "बंद? अरे बाप्पा! कोनं केली? काय गुन्हा केला पोट्ट्यानं?"

"गुन्हा काही नाही. म्या केली बंद."

"तुमी कोन?"

"या गजाचा बाप." बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याले जो विडी देईन तो याचा पाय कापून राह्यला, असं समजन मी."

म्हाताऱ्यांनी बाबांच्या बोटांतल्या विडीकडे पाहिलं. "अन् तुमची?"

बाबांनीही विडीकडे पाहिलं. मग ती त्यांच्यापुढे परत धरली. "घ्या. मह्यीबी बंद."

इतकंच. मी शाळेत असल्यापासून जे मागत होतो, ते एका दमात, माझ्यासमोर, दुसऱ्यासाठी देऊन झालं. प्रल्हाद बाबांकडे पाहत होता आणि मी खिडकीबाहेर.

पुढचं मी पाहिलेलं नाही, प्रल्हादच्या भावाकडून ऐकलेलं आहे. बाबा त्याच्याबरोबर मोटारीत बसून त्यांच्या गावी गेले. आमच्या गावात कुठल्या बैठकीत बाबांनी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. तिथे, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तिथे ते पारावर उभे राहिले आणि म्हणाले, या गावानं पल्हादची विडी-काडी बंद करा. लोक आधी हसले. मग वाद सुरू झाला. गुन्हा नसताना वाळीत कसं टाकायचं? उद्या याला सोयरीक कोण देईल? प्रल्हादची माय तर रडू लागली, "मह्या लेकराले काऊन वाळीत टाकता हो?"

बाबा म्हणाले, "बाई, पाय पाह्यजे की विडी? दोन्ही भेटत नाही म्हनते डॉक्टर."

शेवटी गावातल्या जाणत्यांनी तोड काढली. बाकी सगळा व्यवहार चालू, जेवण चालू, पाणी चालू, फक्त विडी बंद. जो देईल त्याने देवळासमोर सगळ्यांपुढे कबूल करायचं. तेव्हापासून भेटायला येणारे रिकाम्या हाताने येऊ लागले. मामा आला तो खिशावर हात ठेवून बसला, आणि जाताना म्हणाला, "भाचेबुवा, आमाले बांधून टाकलं राजेहो तुमच्या त्या काकाजीनं."

जखम हळूहळू सुकली. निळं बोट पुन्हा माणसाच्या बोटासारखं दिसू लागलं. डॉक्टर पाय पाहायचे, बोटांचा वास घ्यायचे आणि मान हलवून पुढच्या खाटेकडे जायचे.

"तुह्या बापानं मले वाळीत टाकलं बे," प्रल्हाद येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायचा. तक्रार म्हणून म्हणायचा, पण ती त्याने इतक्यांदा केली की तिच्यात तक्रार उरली नाही. वॉर्डातले लोक विचारायचे, कुणाचा बाप? मग तो सगळी हकीगत सांगायचा, बाबांच्या आवाजाची नक्कल करून. नक्कल हुबेहूब व्हायची. मला कधी बाबांची नक्कल करता आली नाही. मला कुणी वाळीतही टाकलं नाही.

उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा बाबांच्या खिशात भाजलेली जवस होती. विडीची आठवण आली की चिमूट तोंडात टाकायचे. आई म्हणाली, पहिला महिना घरात कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, इतके तापट झाले होते. खोकला आधी वाढला होता, आता कमी झाला होता. गोठ्यासमोर ते अजून थांबायचे, पण खोकून झालं की लगेच बैल सोडायला जायचे.

मी दोन-तीन दिवस धीर गोळा केला आणि विचारलं, "बाबा, मी इतकी वर्षं सांगत होतो, तेव्हा का नाही सोडली?"

ते जवस चावत राहिले.

"तू मह्या जिवासाठी सोड म्हने," ते म्हणाले. "मह्या जिवाचं काय एवढं? त्या पोराचा पाय जाऊन राह्यला होता."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही असेल. पण त्यांचा जीवच मला हवा होता, आणि तो त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

प्रल्हाद कॉलेजात परत आला नाही. गावाजवळच्या शाळेत तात्पुरत्या मास्तराची जागा मिळाली, ती त्याने धरली. जून लागण्याआधी मी खोलीवर परतलो, तेव्हा तो सामान न्यायला आला. कसा कोण जाणे, बाबांनाही त्याच दिवशी बाजार निघाला.

तिघे मोटारस्टँडकडे निघालो. त्याची ट्रंक मी घेतली होती. त्याच्या बुटाच्या पुढच्या भागात कापूस भरलेला होता, आणि चाल बदलली होती. पाऊल टेकण्याआधी तो क्षणभर जागा पाहायचा. पूर्वी तो चालायचा तेव्हा आम्हाला त्याला पळत गाठावं लागायचं. आता बाबा त्याच्या बाजूने त्याच्या चालीने चालत होते. पोटरी धरली की तो थांबायचा. बाबाही थांबायचे, का थांबला हे न विचारता. सोडली की दोघेही निघायचे. प्रत्येक वेळी मी पुढे गेलेला असायचो आणि ट्रंक खाली ठेवून वळून पाहायचो.

स्टँड दिसू लागलं तसे ते पुन्हा थांबले. मोटार लागलेली होती. मी थांबलो.

"तू हो पुढं," बाबांनी हाताने खूण केली. "जागा धर. आमी येतो."

मी गेलो. ट्रंक टपावर चढवली, खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकला आणि खाली उतरून पाहिलं. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली ते दोघे उभे होते. प्रल्हाद एका पायावर भार देऊन काहीतरी सांगत होता. सांगताना हात कुठे ठेवावे हे त्याला अजून नीट कळत नव्हतं, ते मध्येच वर जायचे आणि रिकामे परत यायचे. मग तो थांबला, समोर पाहिलं. बाबांनीही समोर पाहिलं. मग बाबा काहीतरी बोलले आणि दोघे हसले.

कंडक्टरने घंटी वाजवली. मी हाक मारली. दोघांनीही माझ्याकडे पाहून हात वर केला, पण बोलणं काही थांबवलं नाही.